साथ आणि भीती





आपल्या आरोग्य पथकाची वाड्यांवरची फेरी जवळ आली आणि त्याच सुमारास वर्तमानपत्रात एखाद्या नव्या तापाची बातमी झळकली, की खडकीतल्या माझ्या घरचा फोन वाजू लागतो. "सिस्टर, यंदा मुलीला पथकाबरोबर पाठवू की नको?" "तिकडे वाडीवर काही साथबीथ नाही ना?" "मास्कचा खोका आताच घेऊन ठेवू का?" जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्ही या विषाणूचे नाव टीव्हीवर गाजले, तेव्हाही हेच झाले. हा विषाणू शास्त्रज्ञांना २००१ पासून माहीत आहे आणि लहान मुलांच्या सर्दीखोकल्याच्या नेहमीच्या कारणांपैकी तो एक आहे, हे समजावून सांगता सांगता माझा आठवडा गेला.

विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण या बहुतेक प्रश्नांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की आजार तिकडे वाडीवर आहे आणि धोका इथून जाणाऱ्या आपल्याला आहे. फ्लूची वाट बहुतेक वेळा याच्या उलट असते. विमानतळ, रेल्वे स्टेशन, बाजारपेठ आणि शाळा जिथे आहेत तिथून तो निघतो आणि वाडीवर शेवटी पोहोचतो. तिथे त्याला नेणारी माणसे आपल्यासारखीच असतात. म्हणूनच साथ कशी पसरते हे आपल्या मंडळीतल्या प्रत्येकाला, विशेषतः पथकाबरोबर जाणाऱ्याला, नीट ठाऊक असावे म्हणून हा लेख लिहिते आहे. भीती कशी पसरते हेही त्यात आले, कारण गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्या दोघी जोडीनेच फिरताना मी पाहिल्या आहेत.

ऑगस्ट २००९ चे पुणे

आपल्यापैकी अनेकांना तो महिना आठवत असेल. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत फ्लूचा एक नवा विषाणू आढळला होता. त्याचे शास्त्रीय नाव एच१एन१, पण लोकांच्या तोंडी 'स्वाइन फ्लू' हेच नाव बसले. ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही महासाथ असल्याचे जाहीर केले. ३ ऑगस्टला पुण्यातली एक चौदा वर्षांची शाळकरी मुलगी दगावली. या आजाराने भारतात झालेला तो पहिला मृत्यू होता.

त्यानंतर काही दिवसांतच शहराचा चेहरा बदलला. शाळा-महाविद्यालये बंद झाली, चित्रपटगृहे आणि मॉल बंद झाले. दुचाकीवर तोंडाला स्कार्फ बांधून जाणाऱ्या मुली पुण्याला नव्या नव्हत्या, पण आता रिक्षावाले, भाजीवाले, बँकेतले कारकून सगळ्यांच्याच तोंडाला रुमाल आले. औषधाच्या दुकानांतून एन-९५ मास्क संपले आणि जिथे मिळाले तिथे अवाच्या सवा भावाने विकले गेले. निलगिरीचे तेल आणि कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या घरोघरी आल्या. दहीहंडीचा जोर ओसरला, गणपतीत गर्दी करू नका असे आवाहन करावे लागले.

स्टेशनजवळच्या डॉ. नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. त्या रांगेत खरोखर आजारी माणसे होती. साधी सर्दी झालेली, नुसत्या भीतीने आलेली, आणि सोबत म्हणून आलेली धडधाकट माणसेही होती. कडेवर तान्ही मुले होती. तासन्‌तास सगळे एकमेकांना खेटून उभे. एखाद्याला घरून निघताना फ्लू झालेला नसेल, तर तो होण्याची उत्तम सोय त्या रांगेत होती. भीती माणसाला नेमके नको तिथे कसे नेते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला दुसरे सांगता येणार नाही.

त्याच वेळी पुण्यातच दुसरे एक काम शांतपणे चालले होते. राष्ट्रीय विषाणू संशोधन संस्था आपल्याच शहरात आहे. १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून ती सुरू झाली आणि १९७८ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. घशातून घेतलेले नमुने तिथे येत होते, तपासले जात होते. साथ किती आहे, कुठे आहे, विषाणू बदलतो आहे का, याचे उत्तर अशा प्रयोगशाळांतूनच मिळते, रांगेतल्या कुजबुजीतून मिळत नाही.

फ्लू पसरतो कसा

फ्लू झालेला माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा तोंडा-नाकातून बारीक थेंब बाहेर पडतात. मोठे थेंब एक-दोन मीटरच्या आत खाली पडतात. अगदी सूक्ष्म थेंब बंद खोलीत काही वेळ हवेत तरंगत राहतात. शिवाय ज्या हाताने तोंड झाकले तोच हात दाराच्या कडीला, बसच्या दांड्याला, दुसऱ्याच्या हाताला लागतो आणि तिथून पुढच्या माणसाच्या नाका-डोळ्यांपर्यंत जातो. म्हणून खिडक्या बंद असलेली बस, वर्ग, लग्नाचा हॉल ही फ्लूची आवडती ठिकाणे. अंगणात, झाडाखाली तो कमी पसरतो.

दुसरी गोष्ट वेळेची. विषाणू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत साधारण एक ते चार दिवस जातात. आणि ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो माणूस दुसऱ्याला आजार देऊ लागतो. पुढे पाच-सात दिवस देत राहतो. लहान मुले याहूनही अधिक दिवस. "मला तर काहीच झालेले नाही," असे प्रामाणिकपणे म्हणणारा माणूसही साथ पुढे नेत असू शकतो, तो यामुळे.

तिसरी गोष्ट हिशेबाची आहे. ती समजली तर बरीच भीती कमी होते. एक रुग्ण सरासरी किती जणांना आजार देतो, हा साथीतला कळीचा आकडा. गोवर हा फार वेगाने पसरणारा आजार. ज्यांना लस मिळालेली नाही अशा वस्तीत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो. फ्लूचा आकडा त्यामानाने लहान, दीडच्या आसपास. म्हणजे दहा रुग्ण पंधरा जणांना देतात, ते पंधरा जण बावीस-तेवीस जणांना. एका फेरीला तीन दिवस लागतात असे धरले, तर महिन्याभरात दहा फेऱ्या होतात आणि दहाव्या फेरीत दहांचे पावणेसहाशेच्या आसपास रुग्ण होतात. साथ आधी रेंगाळते आणि मग एकदम भडकल्यासारखी दिसते, ती या गुणाकारामुळे.

आता याची दुसरी बाजू पाहा. होणाऱ्या प्रत्येक दहा संसर्गांपैकी फक्त चार आपण टाळले, तर दीडचा आकडा ०.९ वर येतो. मग दहा रुग्ण नऊ जणांना देतील, नऊ जण आठांना, आणि दहा फेऱ्यांनंतर तीन-चारच रुग्ण उरतील. साथ विझवायला सगळे संसर्ग थांबवावे लागत नाहीत, दहांतले चार पुरतात. आजारी मूल शाळेत न पाठवणे, खिडकी उघडणे, साबणाने हात धुणे, खोकताना कोपर तोंडापुढे धरणे, गर्दीत मास्क लावणे या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी मिळून ते चार होतात. तपासणीसाठी उगाच केलेली गर्दी मात्र हाच आकडा वर ढकलते.

साध्या फ्लूची महासाथ कधी होते

फ्लू दरवर्षी येतो. आपल्याकडे पावसाळ्यात त्याचा जोर असतो आणि हिवाळ्याच्या अखेरीला पुन्हा थोडा वाढतो. मग एखाद्याच वर्षी महासाथ का होते?

फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावर दोन प्रकारची प्रथिने असतात. त्यांना शास्त्रज्ञ एच आणि एन म्हणतात. एच१एन१ हे नाव त्यावरून आले. आपले शरीर विषाणू ओळखते ते याच प्रथिनांवरून. ती दरवर्षी थोडी थोडी बदलतात, म्हणून फ्लूची लसही दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. पण कधी कधी माणसाचा, पक्ष्याचा आणि डुकराचा असे वेगवेगळे फ्लू विषाणू एकाच प्राण्याच्या शरीरात एकत्र येतात, त्यांच्या जनुकांची सरमिसळ होते आणि अगदी निराळा विषाणू तयार होतो. जगातल्या बहुतेकांच्या शरीराला त्याची ओळख नसते, त्यामुळे तो कुणाकडून अडवला न जाता देशोदेशी फिरतो. २००९ मध्ये असेच झाले. साठी ओलांडलेल्या अनेकांचा त्यांच्या लहानपणी त्याच्याशी साधर्म्य असलेल्या विषाणूशी संबंध आलेला होता, म्हणून ते तुलनेने वाचले आणि तरुण माणसे, गरोदर स्त्रिया, मुले अधिक सापडली.

आणखी एक शब्द नीट समजून घेऊ. 'महासाथ' म्हणजे आजार अनेक देशांत पसरला आहे, एवढेच. तो किती जीवघेणा आहे हे त्या शब्दात येत नाही. २००९ मध्ये तो शब्द जाहीर झाला आणि 'महा' म्हणजे महाभयंकर असा अर्थ लोकांनी लावला. ती महासाथ संपल्याची घोषणा १० ऑगस्ट २०१० रोजी झाली. त्याच्या आदल्याच महिन्यात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस बाजारात आणली होती.

मानमोडीचा ताप

महासाथ खरोखर महाभयंकर कशी असते, ते आपल्या पणजोबांच्या पिढीने पाहिले होते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे 'मानमोडी' म्हणत. १० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. त्याआधी काही दिवस परदेशातून एक जहाज बंदराला लागले होते. पहिले महायुद्ध चालू होते, फौजा बोटीने येत-जात होत्या आणि आगगाडीने देशभर जात होत्या. ताप त्यांच्याबरोबर फिरला.

आपल्या खडकीला हे वेगळे सांगायला नको. हे फौजेचे गाव. १८६९ पासून इथे दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि मुंबई-पुणे लोहमार्ग गावातूनच जातो. होळकर पुलाजवळच्या युद्धस्मशानभूमीत, पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मरण पावलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांची नावे स्मारकावर कोरलेली आहेत. तिथे दरवर्षी फुले वाहणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की त्या युद्धाच्या अखेरच्या वर्षात तोफांहून तापाने अधिक माणसे नेली.

जूनची लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली ती भयंकर. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पाऊसही फसला होता, धान्य महाग झाले होते, अंगात ताकद नसलेल्या माणसांना तापाने गाठले. भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली असे अंदाज आहेत. जनगणनेच्या इतिहासात १९११ ते १९२१ हे एकच दशक असे आहे, ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

या इतिहासातला एक आकडा मला विसरता येत नाही. मुंबईत त्या साथीत युरोपियनांमध्ये दर हजारी सुमारे ८ जण दगावले आणि ज्यांना त्या काळी 'खालच्या जाती' म्हणत त्या समाजांत दर हजारी सुमारे ६१. शहर तेच आणि विषाणूही तोच. एकाच्या घराला खिडक्या होत्या, पोटात अन्न होते, शुश्रूषेला माणूस होता. दुसऱ्याची सगळी बिऱ्हाडे एका खोलीत होती आणि आजारी पडला तरी त्याला कामावर जावे लागत होते. विषाणू माणसांत भेद करत नाही असे आपण म्हणतो. पण माणसांनी आधीच करून ठेवलेला भेद त्याला आयता मिळतो.

भीतीचा हिशेब चुकतो

भीती धोक्याच्या प्रमाणात वाढती तर ती उपयोगी पडली असती. पण तसे होत नाही. सरकारी नोंदींप्रमाणे २००९ मध्ये देशात स्वाइन फ्लूने सुमारे ९८० जण दगावले. २०१० मध्ये सतराशेहून अधिक आणि २०१५ मध्ये जवळजवळ तीन हजार. आता आठवून पाहा, २०१५ मध्ये आपण किती घाबरलो होतो? ज्या वर्षी पुण्याने तोंडाला रुमाल बांधला त्याच्या तिपटीने माणसे ज्या वर्षी गेली, ते वर्ष बहुतेकांच्या लक्षातही नाही. भीती नव्याची वाटते. आजार ओळखीचा झाला की तो कितीही माणसे नेवो, आपण वर्तमानपत्राचे पान उलटतो. क्षयरोगाने भारतात दरवर्षी तीन लाखांच्या आसपास माणसे जातात. तोही हवेतूनच पसरतो, आणि आपण ज्या वाड्यांवर जातो तिथे प्रत्येक फेरीत रेंगाळलेला खोकला घेऊन कुणीतरी येतेच. त्यासाठी मास्कचा खोका घेऊन ठेवू का, असे मला आजवर कुणी विचारलेले नाही.

चुकलेल्या हिशेबाची किंमत कोण मोजते, ते नवापूरने दाखवले. नंदुरबार जिल्ह्यातला हा आदिवासी तालुका. फेब्रुवारी २००६ मध्ये तिथल्या कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला. भारतातला तो पहिला उद्रेक. तो पसरू नये म्हणून लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. ते करणे आवश्यक होते. माणसांचे नमुनेही तपासले गेले आणि एकाही माणसाला लागण झाल्याचे आढळले नाही. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात घराघरांतल्या परसातल्या कोंबड्यांत हा रोग सापडला. नीट शिजवलेल्या कोंबडीत वा अंड्यात हा विषाणू टिकत नाही, तरीही शेकडो मैल दूर लोकांनी कोंबडी आणि अंडी खाणे सोडले आणि भाव कोसळले. ज्या घरी चार-सहा कोंबड्या हीच अडीनडीची बचत असते, मुलाच्या दवाखान्याला किंवा वहीला पैसे लागले की एक कोंबडी बाजारात न्यायची असते, त्या घरी या भीतीची झळ किती लागली असेल याचा विचार करावा.

भीतीचे आणखी एक रूप पुण्याने १८९७ मध्ये पाहिले. प्लेगच्या साथीत रँडच्या हाताखाली गोरे शिपाई घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. जरब एवढी बसली, की लोक आजारी माणूस लपवू लागले, आणि लपवलेल्या माणसाकडून आजार पसरतच राहिला. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांच्या सेवेत होत्या आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच वारल्या. साथीत कामाला येते ते माणसाच्या उंबऱ्याशी जाऊन त्याचा विश्वास मिळवणे, हे त्यांच्या कामातून दिसते. आजही वाडीवर आपण धाक घालू लागलो, "दवाखान्यात न्यायला गाडी येईल" असे दरडावू लागलो, तर माणसे सकाळीच रानात निघून जातात. हे मी अनेकदा पाहिले आहे.

शहराकडून वाडीकडे

आपले पथक आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम भागात जाते. महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी कुटुंबांच्या या वस्त्या. खडकीहून पहाटे निघालेली जीप दुपारच्या आत तिथे पोहोचते. फ्लू शरीरात शिरून ताप यायला एक ते चार दिवस लागतात हे वर सांगितले. म्हणजे रविवारी उपासनेनंतर चहा घेताना ज्याला लागण झाली, तो सोमवारी ठणठणीत म्हणून जीपमध्ये बसेल आणि मंगळवारी कातकरी वस्तीवर मुलांच्या घोळक्यात गाणी शिकवताना खोकू लागेल.

तिथे तो खोकला आपल्या घरातल्या खोकल्यासारखा राहत नाही. कुडाची एक खोली, आत चूल, धूर बाहेर जायला वाट नाही, सात-आठ माणसे एकाच घोंगडीच्या उबेला. आया बहुधा अशक्त, अंगात रक्त कमी. मुलांची वजने कमी. ज्या फ्लूने आपण चार दिवस अंथरुणात पडून बरे होतो, त्याचा तिथल्या दोन वर्षांच्या मुलाला न्यूमोनिया होऊ शकतो. आणि रात्री मुलाला धाप लागली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत न्यायला वाहन मिळेलच असे नाही.

दुसरी वाट कामाची. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, काही जण ऊसतोडीला, काही शहरात बांधकामावर. पावसाळ्याआधी ती परततात. कामाच्या जागी जो आजार मिळेल तो त्यांच्याबरोबर घरी येतो. २०२० मध्ये तर हे सर्वांनी पाहिले. महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यात आढळले. ते परदेशातून विमानाने आलेले होते. सुमारे पंधरवड्यात देश बंद झाला आणि हातावर पोट असलेली माणसे पायी गावाकडे निघाली. आजार विमानाने आला, त्याचा फटका अनवाणी चालणाऱ्यांना बसला.

हे वाचून कुणी म्हणेल, मग आपण जाऊच नये हे बरे. तसे मुळीच नाही. लसीकरणाची आठवण करून देणारा, मुलांची वजने घेणारा, क्षयाच्या गोळ्या मधेच सोडलेल्याला पुन्हा सुरू करायला लावणारा माणूस गेला नाही, तर त्याचे नुकसान फ्लूहून मोठे आहे. जायचेच आहे. पण आपण धोक्यात चाललो आहोत अशा समजुतीने नको. आपल्याकडून धोका जाऊ नये या जबाबदारीने जायचे आहे.

म्हणून आपले नियम

पथकातल्या सर्वांसाठी आणि मंडळीतल्या घरांसाठी पुढील गोष्टी ठरवल्या आहेत.

१. फेरीच्या आधीच्या आठवड्यात ज्याला ताप, खोकला किंवा घसादुखी झाली, त्याने येऊ नये. घरात कुणी तापाने आजारी असेल तरीही येऊ नये. याबद्दल कुणी नावे ठेवणार नाही. जागा भरायला दोन माणसे आधीच राखीव ठेवू.

२. पथकाबरोबर नेहमी जाणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. गरोदर भगिनी, साठीपुढचे आणि मधुमेह, दमा, हृदयविकार असलेले यांनीही डॉक्टरांना जरूर विचारावे.

३. जीपच्या काचा उघड्या ठेवाव्यात. तपासणी, गाणी, गोष्टी, जेवण सगळे अंगणात. घरात जावेच लागले तर मास्क लावून, थोडक्यात.

४. वाडीवर कुणालाही तापाची भीती घालू नये. काय करायचे ते सांगावे: आजारी माणसाने दाराजवळ, वाऱ्याला झोपावे, त्याचे भांडे वेगळे ठेवावे, तान्ह्याच्या आईला खोकला असेल तर तिने पदर नाकातोंडावर घेऊन दूध पाजावे, पण पाजणे थांबवू नये.

५. धोक्याची लक्षणे सर्वांनी पाठ करावीत: धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर दिसणे, गुंगी येणे, मुलाने दूध-पाणी न घेणे, ताप उतरून पुन्हा चढणे. लहान मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा अधिक, एक वर्षाच्या आतल्या मुलाचे ५० किंवा अधिक, पाच वर्षांच्या आतल्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास भरले, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. फ्लूवरचे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर अधिक उपयोगी पडते, पण ते डॉक्टरांनीच द्यायचे असते.

६. मंडळीत साथीच्या दिवसांत हस्तांदोलनाऐवजी हात जोडून सलाम करावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि आजारी असलेल्याने घरूनच प्रार्थना करावी. शब्बाथशाळेत नाक गळणारे मूल आले, तर शिक्षिकेने त्याला प्रेमाने घरी पाठवावे. मोबाइलवर आलेला घाबरवणारा निरोप पुढे पाठवू नये. तो पाठवणे हे खोकताना तोंड न झाकण्यासारखेच आहे.

देणगीदारांसाठीही एक विनंती आहे. साथीची बातमी आली की मास्कांचे खोके आपल्याकडे भरभरून येतात. त्याऐवजी वर्षभर थोडे थोडे द्या. थर्मामीटर, साबण, श्वास मोजायला सेकंदकाटा असलेली साधी घड्याळे, आणि रात्री वाडीवरून रुग्ण खाली आणण्यासाठी जीपच्या डिझेलचा खर्च, या चार गोष्टी आम्हांला कायम कमी पडतात. गेल्या पावसाळ्यात एका तान्ह्या मुलीचे श्वास वाडीतल्याच एका मावशींनी मोजले. साठाच्या वर गेले म्हणून उजाडण्याची वाट न पाहता तिला खाली आणले. ती आता रांगते आहे. पुढच्या फेरीला आणखी सहा वाड्यांतल्या बायकांना असे मोजायला शिकवायचे आहे. त्यासाठी सहा घड्याळे हवी आहेत, आणि अंगात ताप नसलेली चार माणसे.